अडीच वाजताची हाक

नमस्कार डॉक्टर,

मी 49 वर्षांची, सांगलीत प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. घरी मी, मिस्टर आणि बारावीतला मुलगा. घर जुनं, तीन खोल्यांचं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना पक्षाघात झाला. त्या आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या. रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलून द्यावी लागे. देवघरातली छोटी घंटी त्यांच्या उशाशी ठेवली होती, काही लागलं की वाजवायच्या. त्यांना जाऊन वर्ष झालं. तरी रोज रात्री अडीचच्या सुमारास मला खाडकन जाग येते. घंटी वाजली असंच वाटतं. मग चार वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. साडेपाचला गजर. दिवसभर अंग जड. वर्गात मुलांवर चिडते आणि मागाहून वाईट वाटतं. झोप भरून निघावी म्हणून हल्ली साडेनऊलाच आडवी होते, पण अकराशिवाय झोप येत नाही. सासूबाईंच्या औषधांत झोपेच्या गोळ्या शिल्लक होत्या, त्यातली अर्धी चार महिने जवळजवळ रोज घेते आहे. संपल्या तर मेडिकलवाले ओळखीचे आहेत, देतात. जायफळ उगाळून दूधही घेते. मिस्टर मात्र पडल्या पडल्या ढाराढूर. खूप घोरतात. मध्येच घोरणं थांबतं, मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन पुन्हा सुरू. ते 54 वर्षांचे आहेत, बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. मोबाइलवर वाचलं की आठ तास झोप झाली नाही तर मेंदूवर परिणाम होतो. तेव्हापासून रात्री जाग आली की छातीत धडधडतं. गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का?

एक शिक्षिका, सांगली

ता. क. ती घंटी अजून मधल्या खोलीतल्या कोनाड्यात आहे. उचलायला हात होत नाही.

*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी मनात हिशेब मांडत गेले. दर दोन तासांनी उठायचं म्हणजे एका रात्रीत तीन-चार वेळा. महिन्याला शंभर. आठ महिन्यांत आठशेच्या वर. इतक्या वेळा तुम्ही झोपेतून उठून एका माणसाला कुशीवर वळवलंत, पाठीखालची चादर सारखी केलीत, आणि सकाळी शाळेत जाऊन मुलांचे पाढे घेतलेत. तुमच्या पत्रात त्याची एकही तक्रार नाही. पण शरीराने त्याची नोंद ठेवली आहे, आणि तुमचा आजचा त्रास तिथून सुरू होतो.

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून तुमच्याच शब्दांत सांगते. आठशे वेळा गिरवलेलं अक्षर पाटी पुसल्याने हातातून जात नाही. तुमची झोप अडीच वाजता उठायला शिकली आहे. ती बिघडलेली नाही, तिला एक धडा पाठ झालाय. तो विसरायला लावता येतो. त्याला गोळी लागतेच असं नाही, पण काही आठवडे नेटाने वागावं लागतं. कसं, ते सविस्तर लिहिते, कारण हे अर्धवट केलं तर उपयोग होत नाही.

आधी अडीचच का, ते समजून घ्या. झोप रात्रभर सारखी गाढ नसते. साधारण दीड-दीड तासाचे फेरे असतात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये झोप पातळ होते. सगळ्यांनाच त्या वेळी क्षणभर जाग येते, माणूस कूस बदलतो आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. सर्वांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात होऊन जाते. अकराला झोपलात तर अडीचपर्यंत तिचा मोठा वाटा संपलेला असतो, पुढची झोप हलकी आणि स्वप्नांची. म्हणजे ती वेळच जाग येण्याची आहे. इतर जण तिथून पुन्हा खाली उतरतात. तुमचे कान पहाऱ्यावर असतात. झोपेतही कान बंद नसतात, आपल्या कामाचा आवाज ते निवडून घेतात. तान्ह्या बाळाची आई बाहेरच्या वरातीने उठत नाही, पण बाळाने जरा कूं केलं की उठते. तुमचे कान आठ महिने त्या घंटीसाठी राखून ठेवलेले होते. ड्युटी संपल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

घंटी ऐकू येते म्हणून घाबरू नका. झोप आणि जाग यांच्या सीमेवर असे आवाज येतात. ज्यांचं माणूस गेलंय अशा कितीतरी जणांना त्याची हाक, पावलं, खोकला ऐकू येतो. डोकं फिरल्याचं ते लक्षण नाही.

मग कारण संपून वर्ष झालं तरी जाग का जात नाही? अमेरिकेतले झोपेचे अभ्यासक आर्थर स्पीलमन यांनी याची फार उपयोगी मांडणी केली. काही माणसं मुळातच हलक्या झोपेची असतात, हा एक भाग. एखादा प्रसंग झोप मोडतो, हा दुसरा. आणि झोप मोडल्यावर ती परत यावी म्हणून आपण जे जे करतो, त्यानेच निद्रानाश मुक्काम ठोकतो, हा तिसरा. आठवड्यातून तीन रात्री आणि सलग तीन महिने असं चाललं की डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्या टप्प्यावर पहिल्या प्रसंगाशी लढून काही मिळत नाही. इलाज तिसऱ्या भागावर करायचा असतो. तुमच्या बाबतीत तो भाग म्हणजे साडेनऊला अंथरुणावर पडणं, रात्री घड्याळ बघणं, अर्धी गोळी आणि मेंदूची भीती. यातलं काहीही तुम्ही चुकीच्या हेतूने केलेलं नाही. दमलेला माणूस हेच करतो.

साडेनऊचं आधी बघू, कारण सगळी गोम तिथे आहे असं मला वाटतं. झोपेची भूक असते. सकाळी डोळे उघडल्यापासून ती साठत जाते आणि जितकी साठेल तितकी झोप सलग आणि गाढ लागते. जेवणाआधी मूठ-मूठ फरसाण खाल्लं की ताटावर मन लागत नाही, तशी संध्याकाळची पेंग आणि रविवारची दोन तासांची दुपारची झोप ही भूक मारते. दुसरीकडे शरीराचं आतलं घड्याळ असतं, ते उजेडावर चालतं. त्याची एक गंमत आहे. आपल्या नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोनेक तास शरीर उलट बऱ्यापैकी जागं असतं. तुम्ही नेमक्या त्याच वेळी दिवा मालवून पडता. दीड तास छताकडे बघत राहता. मग अडीचला उठून आणखी दीड तास. म्हणजे रोज तीन तास तुम्ही अंथरुणावर जाग्या असता, काळजी करत असता. असे महिने गेले की शरीर उशीला डोकं टेकताच सावध व्हायला लागतं. सोफ्यावर टीव्हीसमोर डोळे मिटतात आणि अंथरुणावर गेलं की टक्क उघडतात, हा अनुभव तुम्हालाही असेल.

आता तुमचा हिशेब. साडेनऊ ते साडेपाच, अंथरुणावर आठ तास. प्रत्यक्ष झोप अकरा ते अडीच साडेतीन तास, चार ते साडेपाच दीड तास, एकूण पाच. म्हणजे आठातले पाच, जेमतेम 62 टक्के. हा आकडा 85 च्या पुढे जायला हवा. त्यासाठी झोप ओढून वाढवता येत नाही, पण अंथरुणावरचा वेळ कमी करता येतो. स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. ऐकायला क्रूर वाटेल, पण झोप न येण्याच्या जुन्या तक्रारीवर एवढं गुणकारी दुसरं फार थोडं मी पाहिलं आहे.

तुमची झोप पाच तासांची आहे, तर अंथरुणासाठी साडेपाच तास घ्या. रात्री बारा ते पहाटे साडेपाच. बाराच्या आधी पडायचं नाही, कितीही डोळे मिटले तरी. साडेपाचला उठायचं, रात्र कशीही गेली असली तरी, रविवारीसुद्धा. साडेपाच तासांपेक्षा कमी मात्र करू नका. उशाशी एक वही ठेवा आणि सकाळी अंदाजाने लिहा: किती वाजता पडले, साधारण कधी झोप लागली, मध्ये किती वेळ जाग होती. मिनिटं मोजू नका, अंदाज पुरतो. आठवड्याची सरासरी 85 टक्क्यांच्या वर गेली की पुढच्या आठवड्यात पावणेबारा. मग साडेअकरा. असं पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे यायचं, जोवर झोप सलग राहते आहे तोवर. बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवतो.

पहिला आठवडा जड जातो, हे आधीच सांगते. दुपारी डोळे मिटतील. शाळेत जाताना स्कूटी चालवत असाल तर पहिले दोन आठवडे रिक्षाने किंवा कुणाबरोबर जा. ही अट मी मनापासून घालते आहे. आणि तुम्हाला कधी फिट आली असेल, किंवा अतिउत्साह आणि अतिनैराश्य असे झोके येण्याचा मानसिक आजार असेल, तर हा प्रयोग घरच्या घरी करू नका, कारण अशा आजारांत झोप कमी करणं धोक्याचं ठरतं.

साडेनऊ ते बारा काय करायचं, असं विचाराल. मुलगा बारावीत आहे, तो जागाच असेल. त्याच्यासोबत बसून वह्या तपासा. दुसऱ्या दिवशीची भाजी निवडा, इस्त्री करा. फक्त शेवटच्या तासात दिवे मंद ठेवा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. काळज्या मात्र संध्याकाळीच उरका. सातच्या सुमारास दहा मिनिटं बसून उद्याची कामं आणि डोक्यात घोळणारं सगळं कागदावर उतरवा, प्रत्येकासमोर पुढचं एक छोटं पाऊल लिहा. अडीच वाजता तीच काळजी वर आली तर ती कागदावर आहे, हे स्वतःला सांगता येतं.

आणि अडीचला जाग आलीच, तर? घड्याळ बघू नका. भिंतीवरचं घड्याळ काढा, मोबाइल उशीखालून हलवा. वेळ कळली की मन लगेच वजाबाकी करतं, आता तीनच तास उरले, आता अडीचच, आणि त्या वजाबाकीने छाती धडधडते. थोडा वेळ पडून बघा. झोप येत नाही आणि चिडचिड सुरू झाली असं वाटलं की उठा. मधल्या खोलीत मुलगा झोपत असेल, म्हणून स्वयंपाकघरात सोय करून ठेवा. रात्री झोपण्याआधीच तिथे खुर्ची, शाल आणि झीरोचा दिवा मांडून ठेवा. कापूस घेऊन वाती वळत बसा. यापेक्षा चांगलं काम मला सुचत नाही. हात चालू राहतात, डोक्याला काही लागत नाही, उजेड कमी पुरतो. डोळे जड झाले की परत अंथरुणावर. पुन्हा झोप नाही आली, पुन्हा उठा. पहिल्या काही रात्री दोन-तीन फेऱ्या होतील, होऊ द्या. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये ही रीत मांडली. तिचं काम एवढंच की अंथरूण आणि झोप यांची तुटलेली गाठ पुन्हा बांधायची. अंथरुणावर पडून फोन, तपासायच्या वह्या, भांडण, काही नाही.

सकाळी उजेड घ्या. शाळेच्या परिपाठाला मैदानात उभ्या राहता, ती जागा उत्तम आहे. सावलीतून थोडं बाहेर या, पंधरा-वीस मिनिटं. आतलं घड्याळ त्या उजेडावर लागतं. चहाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण शिक्षकांच्या खोलीतला चहा मला ठाऊक आहे. कॅफीन अंगातून अर्ध्यावर यायलाच पाच-सहा तास लागतात. पाचच्या चहातलं निम्मं रात्री दहाला अंगात असतं. दुपारी दोननंतर चहा नको.

या सगळ्याला एकत्र नाव आहे, निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलून करायचा उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीऐवजी याचीच शिफारस केली. जवळपास असा उपचार देणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ मिळाले तर जरूर जा, सहा-आठ भेटींत होतं.

आता गोळी. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण पक्षाघाताच्या वयस्क रुग्णाला दिलेली आणि अर्धी करून घेण्याजोगी म्हणजे ती अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या जातीची असावी. त्या गोळ्या पहिले काही दिवस छान झोपवतात. काही आठवड्यांत शरीर त्यांना सरावतं, परिणाम उतरतो आणि सवय मात्र उरते. तुम्ही चार महिने घेताय. म्हणून माझं पत्र वाचून आज रात्री चिडून सगळी पाकिटं मोरीत टाकू नका. एकदम थांबवलं तर झोप आधीपेक्षा वाईट होते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, क्वचित फिटही येते. मग माणसाला वाटतं, बघा, मला गोळीशिवाय जमतच नाही. तो गोळी सोडण्याचा त्रास असतो, मूळचा आजार नसतो. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, चार महिन्यांचं खरं सांगा. वर लिहिलेल्या पद्धतीने झोप जरा सावरली की ते कित्येक आठवड्यांत थोडी थोडी कमी करत आणतील. तोवर अडीच वाजता वरची अर्धी अजिबात नको. आणि ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणणं आजच बंद करा. चिठ्ठीची अट कायद्यात उगाच नाही. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आयुष्यभर? नाही. बहुतेकांची सुटते, पण हळू.

याबाबतीत मी कडक बोलते, कारण माझ्या आईला सत्तरीनंतर अशीच गोळी सुरू झाली होती. झोप लागते आहे ना, मग असू दे, असं म्हणून मी स्वतः डॉक्टर असून ती चालू राहू दिली. एका पहाटे बाथरूमकडे जाताना तिचा तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. वयस्कर माणसांत या गोळ्यांनी तोल जातो, हे मी शेकडो जणांना सांगत आले होते. घरात बघायचं राहून गेलं.

आता मिस्टर. ताई, खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात सर्वांत तातडीचं मला त्यांचंच वाटलं. घोरतात म्हणजे गाढ झोपतात, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. तुम्ही वर्णन केलंत ते वेगळं आहे. घोरणं मध्येच थांबणं, शांतता, मग गुदमरून श्वास. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून हलवून जागं करतो, घसा उघडतो आणि तो मोठा आवाज येतो. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा जास्त श्वास अडकला की तो एक खंड मोजतात. तासाला पाचपर्यंत ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसच्या वर तीव्र. तीव्र त्रास असलेला माणूस रात्रभरात शेकडो वेळा असा हिसके खात असतो. त्याची झोप ढाराढूर दिसते, पण तिच्यात विश्रांती नसते. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्याने रक्तदाब वाढतो आणि गोळ्यांना दाद देत नाही. हृदयाचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. त्यांच्या आईला पक्षाघात झालेला आहे, म्हणून मला हे आणखी महत्त्वाचं वाटतं.

एका रात्री पाच मिनिटं मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढा, श्वास थांबतो तो भाग येईल असा. यासाठी तेवढं एकदा अडीचला उठणं चालेल. सकाळी तोंड कोरडं पडतं का, डोकं दुखतं का, पेपर वाचता वाचता डुलकी येते का, रात्री लघवीला उठतात का, हे विचारा आणि घेऊन जा कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे. तुम्ही सांगलीच्या, मिरज दारातच आहे, तज्ज्ञांसाठी पुण्या-मुंबईला जायची गरज पडू नये. रात्रभर अंगाला तारा लावून तपासणी होते, हल्ली घरी मशीन देऊनही करतात. त्रास जास्त निघाला तर सीपॅप नावाचं यंत्र देतात. नाकावरच्या मास्कमधून हवेचा सौम्य दाब येतो आणि घसा मिटत नाही. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ते पहिल्यांदा वापरलं. मास्क बघून मिस्टर नको म्हणतील. पंधरा दिवस वापरून बघा म्हणा. ताजीतवानी सकाळ कशी असते हे कित्येक जण विसरूनच गेलेले असतात. वजन जास्त असेल तर थोडं उतरल्यानेही फरक पडतो. तोवर कुशीवर झोपवा: जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू घाला, उताणं होता येत नाही. घेत असतील तर संध्याकाळचं मद्य बंद. आणि झोपेची गोळी त्यांना चुकूनही देऊ नका, तिने घसा आणखी सैल पडतो. तपासणी होईपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग त्यांनी करू नये. त्यांचा इलाज झाला की तुम्हाला जाग येण्याचं एक कारणही जाईल.

तुमच्या स्वतःच्याही दोन-तीन गोष्टी डॉक्टरांशी बोला. 49 हे पाळी जाण्याच्या आसपासचं वय. अडीचला उठता तेव्हा अंग गरम होऊन घाम सुटलेला असतो का? तसं असेल तर त्यावर वेगळे उपाय आहेत, सोसत बसू नका. रात्री पडल्यावर पायांत वळवळतं, ओढतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही असं होत असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. लोह कमी असण्याशी त्याचा संबंध असतो आणि आपल्या बायकांत लोहाची कमतरता फार. थायरॉइडही बघून घ्या.

आणि एक प्रश्न मी हळूच विचारते. मुलांवर चिडता, अंग जड असतं, हे थकव्याने होतं. पण आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, विनाकारण रडू येतं, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं, असं काही आहे का? पहाटे लवकर जाग येणं हे नैराश्याचंही लक्षण असतं. तसं असेल तर झोपेचे नियम पाळत वाट बघू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. आठ महिने शुश्रूषा करणाऱ्या माणसाला माणूस गेल्यावर रडायलाही सवड मिळत नाही. लगेच शाळा, डबे, मुलाची बारावी. तुमचं दुःख कदाचित अजून बसायलाच जागा शोधत असेल.

आठ तासांची भीती सोडा. आठ हा काही कायदा नाही. मोठ्या माणसांना साधारण सात तासांच्या आसपास लागते, कुणाला थोडी कमी, कुणाला जास्त. चरकाने आहाराबरोबर निद्रेला शरीराचा आधारस्तंभ म्हटलं आहे, तासांचं गणित मांडलेलं नाही. थकव्याने आलेला विसराळूपणा झोप सुधारली की ओसरतो. मोबाइलवरचे ते लेख मात्र अडीचला आठवतात आणि झोप घालवतात. झोपेबद्दलचं वाचन आता काही महिने बंद ठेवा, हे पत्र वाचून झालं की.

जायफळ सहाणेवर दोन वळसे उगाळून दुधात घेताय तेवढं चालेल. मन शांत करायला ती रीतही पुरते. मात्र झोप येत नाही म्हणून प्रमाण वाढवू नका, जास्त जायफळाने धडधड होते आणि भ्रमही होतो.

आता ता. क. मधली घंटी. ती उचला, पण पेटीत टाकू नका. देवघरातून आणली होती ना, तिथेच परत ठेवा. सकाळी पूजेच्या वेळी तुम्ही स्वतः ती वाजवा, रोज. तुमच्या कानांना तो आवाज उजेडात, तुमच्याच हातून, पुन्हा ऐकू दे. उचलताना रडू आलं तर येऊ दे, मुलगा घरात असताना उचला. आणि महिनाभर वही भरली की मला पाठवा, साडेअकरापर्यंत आलात का ते बघायचं आहे.